फळीवर मासा भाजायला गेले आणि फळीच पेटली. नक्की कुठे चुकलं?

उन्हाळी

मंडळी, हसायचं असेल तर आधी हसून घ्या, पण नंतर उत्तर द्या.

शनिवारी संध्याकाळी सहा माणसं जेवायला होती. एवढ्या उकाड्यात आत ओट्यापाशी कोण उभं राहणार, म्हणून सगळा बेत बाहेर. झाकणाची गोल ग्रिल, कोळसा, आणि सिडारच्या फळीवर सॅमन. फळी ग्रिलसाठी म्हणून विकतात तीच होती. ४० सेंमी लांब, १५ रुंद, जाडी जेमतेम ८ मिमी. मासा ९०० ग्रॅम, एका बाजूचा अख्खा फिले, कातडीसकट. त्यावर मीठ, मिरी, लिंबाचा रस, मोहरीची पेस्ट आणि मध. फळी पाण्यात भिजवली होती, वीसेक मिनिटं. (कळलं, कळलं. पुढे वाचा.)

पहिली सात-आठ मिनिटं झकास गेली. लाकडाचा गोडसर वास सुटला, गप्पा मारणाऱ्यांनी माना वळवल्या, मीही जरा ऐटीत. मग डावीकडच्या कडेवर एक एवढीशी ज्योत दिसली. मी काय करावं? फुंकर मारली! अर्ध्या मिनिटात अख्खी कड पेटली. शेपटीकडचा भाग चार बोटं फळीबाहेर लोंबत होता, त्याचं तेल निखाऱ्यांवर गळायला लागलं आणि पुढे जे झालं त्याला स्वयंपाक म्हणत नाहीत. भाच्याने प्रसंगावधान राखून पाण्याचा जग उपडा केला. राख उडाली ती थेट माशावर.

शेवटी पानात काय आलं, तर शेपटीचा कोळसा, मधला भाग कोरडा ठक्क आणि त्यावर पांढरं, फाटलेल्या दुधासारखं काहीतरी साचलेलं, आणि जाड बाजू आत चक्क कच्ची. एका माशात तीन मासे. मध जळून कडू झाला तो वेगळाच. फळी मध्ये फुगून पालथ्या होडीसारखी झाली होती, त्यामुळे लिंबाच्या चकत्या घसरून आधीच आगीत गेल्या होत्या.

तर, भिजवायचं किती वेळ? फळी जाड हवी होती का? ते पांढरं काय होतं, मासा शिळा होता का? माझ्याकडे जुन्या शेल्फची देवदारची फळी पडून आहे, चांगली जाडजूड. सिडार म्हणजे देवदारच ना, ती कापून वापरू का? आणि मुळात या खटाटोपात काही अर्थ आहे, की नुसतं दिसायला छान म्हणून लोक करतात? पुढच्या रविवारी तीच सहा माणसं पुन्हा येणार आहेत. हट्टाने.

धुराडे

ताई, शेल्फच्या फळीला हात लावू नका. का ते सुतारपक्षी सांगतील, लाकडाचं नाव निघालं की ते येतातच. मी आगीचं बोलतो.

तुम्ही फळीला तवा समजलात. तव्यातून उष्णता खालून वर जाते. लाकूड उष्णता जवळपास अडवतंच, म्हणून तर तव्याची मूठ लाकडी असते. म्हणजे फळीवरचा मासा खालून फारसा भाजला जात नाही. तो भाजला जातो वरून आणि बाजूंनी, झाकणाखाली कोंडलेल्या गरम हवेने. फळीचं काम एवढंच, खालच्या निखाऱ्यांचा मार स्वतःवर घ्यायचा, स्वतःतली वाफ सोडायची आणि हळूहळू करपत धूर द्यायचा. म्हणून फळीवरचा मासा उलटावा लागत नाही. आणि म्हणूनच झाकण हवं. उघड्या ग्रिलवर हा प्रकार जमत नाही; झाकण नसेल तर निदान मोठं पातेलं तरी पालथं घाला.

आता एक खरं सांगा. झाकण किती वेळा उघडलंत?

झाकण बंद असलं की आत हवा मोजकी, फळी नुसती धुमसते. उघडलं की ताजी हवा आत, आणि धुमसणारं लाकूड पेटायला तेवढीच वाट बघत असतं. ज्योत दिसली तर झाकण लावायचं आणि खालची-वरची भोकं अर्धी मिटायची. वरून पाणी ओतलं की राख उडणारच. फवारणीची बाटली जवळ ठेवा, कडेवर दोन फवारे पुरतात.

कोळसे फळीखाली सरसकट पसरू नका. एका बाजूला रचा. रिकामी फळी आधी निखाऱ्यांच्या वर ठेवा, तीन-चार मिनिटांत ती तडतडेल आणि धुराची बारीक रेघ निघेल. मग ती उलटायची, तापलेल्या बाजूवर मासा मांडायचा आणि फळी कोळसे नसलेल्या बाजूला सरकवायची. झाकणाखाली १८० ते २०० अंश ठेवलंत तर अडीच सेंटीमीटर जाडीच्या माशाला पंधरा ते वीस मिनिटं लागतील. धूर पातळ, निळसर असेल तर ठीक. ढगासारखा पांढरा, डोळ्यांत चरचरणारा धूर निघत असेल तर फळी फार तापली आहे, मासा कडू होणार.

तिरकस

मी वेगळं बोलणार, सवय आहे.

भिजवणं हा निम्मा अंधविश्वास आहे. मी एकदा वैतागून तपासलं. दीड सेंटीमीटर जाडीची सिडारची फळी कोरडी वजन केली, २३० ग्रॅम. दोन तास पाण्याखाली दाबून ठेवली, पुसली, पुन्हा वजन केलं, २९० च्या आसपास. मग करवतीने मधोमध कापली. आतलं लाकूड खडखडीत कोरडं! ओल होती ती फक्त वरच्या पापुद्र्यात आणि दोन्ही टोकांना. सिडारची ख्यातीच मुळी पाण्याला दाद न देण्याची, छपरांना आणि होड्यांना ते लाकूड वापरतात ते काय उगाच? त्यात पाणी मुरेल म्हणून तासन् तास वाट बघत बसायचं?

दुसरं, ही फळी निखाऱ्यांवर आडवी ठेवायची वस्तूच नव्हती. फिनलंडमध्ये लोइमुलोही म्हणून प्रकार आहे. सॅमनचा फिले लाकडी खुंट्यांनी फळीवर ठोकतात आणि फळी आगीच्या शेजारी तिरकी उभी करतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शॅड नावाचा मासा ओकच्या फळ्यांवर खिळ्यांनी ठोकून आगीसमोर उभा करायची जुनी पद्धत आहे. आणि ज्या वायव्य किनाऱ्याचं नाव सिडार-सॅमनच्या संदर्भात सगळे घेतात, तिथले मूळ रहिवासी मासा उभा चिरून सिडारच्या काड्यांच्या चौकटीत ताणून बसवत आणि आल्डर नावाच्या झाडाच्या लाकडाच्या आगीशेजारी रोवत. तिन्हीकडे लाकूड आगीच्या बाजूला, आगीवर नाही! आपण ती फळी उचलून थेट आगीच्या डोक्यावर ठेवली आणि वर विचारतो, पेटली कशी?

अर्थ आहे का विचारलंत म्हणून सांगतो. चव येते, पण लोक सांगतात तेवढी नाही. वास जास्त, चव कमी. मला विचाराल तर जाळीला तेल लावा, मासा कातडीच्या बाजूने थेट ठेवा, कुरकुरीत कातडी खा. फळीवर कातडी कुरकुरीत होणं शक्य नाही, ती वाफेत मऊ पडते.

सुतारपक्षी

धुराडे, हाक मारलीत, आलो.

ताई, सिडार म्हणजे देवदार असं शब्दकोशात सापडतं आणि घोळ तिथेच होतो. देवदार हा खरा सिडार, वनस्पतिशास्त्रातला सीड्रस. तुमच्या फळीचं लाकूड त्या कुळातलं नाहीच. ते वेस्टर्न रेड सिडार, थुजा प्लिकाटा, सायप्रसच्या कुटुंबातलं झाड. पहिल्या युरोपीय लोकांना वास ओळखीचा वाटला, नाव चिकटवून मोकळे झाले. देवदारात तेल भरपूर असतं, त्याचा उग्र तेलकट धूर माशाला नको. ते तेल किडे पळवायला वापरतात यावरून काय ते समजा. चीड, पाइन वगैरे चिकाची लाकडंही नकोत, राळेचा धूर जिभेवर टर्पेंटाइनसारखा बसतो. ओक, मेपल, आल्डर, चेरी, सफरचंद चालतील. आल्डर सगळ्यात सौम्य.

पण शेल्फच्या फळीला मी नाही म्हणतो ते जातीपेक्षा इतिहासामुळे. तिच्यावर पॉलिश झालं असेल, जोडात डिंक असेल, वाळवीचं औषध मारलं असेल. बाहेरच्या वापरासाठी दाबाने रसायन भरलेलं लाकूड तर भयंकरच. पूर्वी त्यात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिकचं मिश्रण असायचं. अमेरिकेत उत्पादकांनी घरगुती वापराच्या लाकडासाठी ते २००३ च्या अखेरीस बंद केलं, पण त्याआधीच्या फळ्या अजून जगभर लोकांच्या अडगळीत पडून आहेत, आणि दिसायला त्या साध्याच दिसतात. प्लायवूड, एमडीएफ यांचं नावही काढू नका. लाकडाचा जन्मदाखला माहीत नसेल तर त्यावर अन्न ठेवायचं नाही.

स्वतः फळी कापणार असाल तर रेड सिडारचा भुसा नाकात जाऊ देऊ नका. त्यात प्लिकाटिक आम्ल असतं, सुतारांना त्याने दमा जडतो, हा नोंदलेला व्यावसायिक आजार आहे. माझा स्वतःचा खोकला एका उन्हाळ्यात तीन आठवडे टिकला होता. मास्क लावा, मोकळ्यावर कापा.

आता तुमची होडी. लाकूड भिजलं की फुगतं, वाळलं की आकसतं, आणि ते रेषांच्या आडव्या दिशेने सगळ्यात जास्त. तुमच्या फळीची खालची बाजू निखाऱ्यांनी झपाट्याने वाळली, आकसली, वरची ओलीच. खालची बाजू ओढली गेली की दोन्ही कडा खाली जातात आणि पाठ वर येते. धुराडे म्हणाले तसं आधी एक बाजू तापवून मग उलटली की दोन्ही बाजूंची ओढ बरीचशी फिटते. ८ मिमीच्या फळीत तशीही ताकद नसते. १५ ते २० मिमी घ्या.

तिरकस, तुमचं कापून बघणं आवडलं. पण तुम्हीच लिहिलंत, ओल कुठे होती? पापुद्र्यात आणि टोकांना. आता ताईंची फळी पेटायला कुठून लागली? कडेवरून. लाकूड पेटतं ते कडांनी आणि टोकांनी, आणि टोकांना लाकडातल्या बारीक नळ्यांची तोंडं उघडी असल्यामुळे पाणी तिथेच सगळ्यात आधी शिरतं. जिथे पाणी आहे तिथलं लाकूड, ते पाणी उडून जाईपर्यंत, शंभर अंशांच्या फार वर जात नाही. आतलं लाकूड कोरडं राहिलं तर राहू दे की.

तिरकस

बरं. टोकांपुरतं मान्य. तास-दीड तास भिजवा. रात्रभर भिजवायला सांगणाऱ्यांशी माझं भांडण कायम आहे.

चवीपुरते

तुम्ही सगळे लाकडावर तुटून पडलात, बिचाऱ्या माशाकडे कोणी बघेना!

ताई, मासा शिळा नव्हता. ते पांढरं म्हणजे अल्ब्युमिन, माशातलंच प्रथिन. मांसाचे धागे तापून आकसले की ते पिळलं जाऊन बाहेर येतं आणि वर गोठतं. थोडंसं येणारच. ढीगभर आलं तर मासा फार तापला, किंवा फार भराभर तापला. उपाय सोपा आहे. एक लिटर थंड पाण्यात ५० ग्रॅम मीठ, त्यात मासा पंधरा मिनिटं, मग काढून टिपकागदाने खरोखर कोरडा पुसायचा. वरच्या थरातली प्रथिनं मिठाने सैल होतात, ती तितकी आकसत नाहीत. मग वरून वेगळं मीठ घालायला जाऊ नका, मी एकदा घातलंय.

लिंबाचा रस आधी चोळलात ती दुसरी गडबड. आम्लाने मांस आगीआधीच वरून पांढरं, घट्ट व्हायला लागतं. रस शेवटी, पानात. चकत्या हव्याच असतील तर माशाखाली ठेवा, घसरणार नाहीत. मध शेवटच्या पाच मिनिटांत ब्रशने. साखर आहे ती, वीस मिनिटं कशी तग धरेल? मोहरी आधी लावलीत तरी चालेल, उलट तिच्यावर धूर छान धरतो.

एका माशात तीन मासे झाले, कारण तो होताच तीन जाडीचा. शेपटीचा पातळ भाग कापून वेगळा करा आणि दहा मिनिटं उशिरा फळीवर ठेवा, किंवा खाली दुमडून जाडी सारखी करा. फळीबाहेर काहीही लोंबता कामा नये. फळी माशापेक्षा चहूबाजूंनी दोन बोटं मोठी हवी.

आणि घड्याळ बघून मासा काढू नका, थर्मामीटर घ्या. सगळ्यात जाड जागी, आडवा खुपसायचा; वरून सरळ खुपसला तर टोक फळीपर्यंत जातं आणि भलताच आकडा दाखवतं. अमेरिकी कृषी खात्याचा सुरक्षित आकडा ६३ अंशांचा आहे. हॉटेलांतले बरेच आचारी सॅमन ५२-५५ लाच उतरवतात, लुसलुशीत लागतो, पण जंतांचा धोका राहतो. तसा खायचा तर उणे २० अंशांत सलग सात दिवस गोठवलेलाच मासा घ्यावा. पाहुणे असतील तर मी ६० ला काढते आणि फळीवरच पाच मिनिटं सैलसर झाकून ठेवते, उरलेले अंश तो आपले आपण चढतो.

तिरकसना एकच. कुरकुरीत कातडी हवी असेल तर जाळीच बरी, खरंय. पण जाळीवरून मासा अख्खा सुटून आला असं वर्षातून किती वेळा होतं, ते प्रामाणिकपणे सांगा.

तिरकस

दोनदा. वर्ष चांगलं असेल तर.

उन्हाळी

धुराडे, तुम्ही विचारलंत आणि माझ्या पोटात गोळा आला. झाकण मी दर दोन मिनिटांनी उघडत होते. वास सुटला म्हणून एकदा, नणंदेला दाखवायला एकदा, आणि फोटो काढायला, म्हणजे चार-पाच वेळा. ज्योतीचाही फोटो आहे. त्यात मी हसतेय.

शेल्फची फळी परत माळ्यावर गेली. १८ मिमीची आल्डरची फळी मिळाली आहे. रविवारी बघू.

उन्हाळी

रविवारचा वृत्तांत.

फळी दीड तास भिजवली. (रात्रभर नाही हो, तिरकस.) ती सारखी तरंगायची, शेवटी वर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं तेव्हा बुडून राहिली. मासा मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं, मग पुसला. पुसला म्हणजे तीन टिपकागद ओले होईपर्यंत पुसला. शेपटी कापून वेगळी ठेवली.

कोळसे एका बाजूला रचले. रिकामी फळी वर ठेवली आणि वाट बघत बसले. चौथ्या मिनिटाला पहिला तडका ऐकू आला, ओलं लाकूड चुलीत बोलतं ना, तसा. मग धुराची रेघ. उलटली तर वरची बाजू खमंग भाजलेल्या पावासारखी तपकिरी, कडा मात्र अजून ओल्या, बुडबुडे काढत होत्या. टोकाच्या बारीक भोकांमधून पाणी फसफसत बाहेर येत होतं! सुतारपक्षी, त्या नळ्या मी डोळ्यांनी पाहिल्या.

मासा मांडला, फळी सरकवली, झाकण लावलं आणि फोन भाच्याच्या हातात देऊन टाकला. झाकण दोनदाच उघडलं. दहाव्या मिनिटाला शेपटी ठेवायला, सोळाव्याला मध लावायला आणि थर्मामीटर खुपसायला. तेव्हा ४९. बाविसाव्या मिनिटाला ६०, उतरवला. पाच मिनिटांनी ६३. पांढरं आलं ते फक्त एका कडेला, दोऱ्याएवढं. फळीला बाक आला, पण मासा घसरला नाही.

कातडी फळीला घट्ट चिकटली आणि मांस उलथन्यावर अलगद सुटून आलं. चिकटलेली कातडी पाहून आधी छातीत धस्स झालं, मग लक्षात आलं की हे फायद्याचंच आहे, सोलायला नको. चव धुरकट नाही म्हणता येणार. मागे कुठेतरी धूर आहे, एवढंच. वास तिखट पडतो चवीपेक्षा, तिरकस बरोबर आहेत. पण मऊ इतका, की नणंद, जिने गेल्या वेळी ताट बाजूला सारलं होतं, तिने न विचारता दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

भाचा पूर्ण वेळ पाण्याचा जग हातात घेऊन ग्रिलशेजारी उभा होता.

आता शेवटचं. फळी खालून काळी आहे, पण शाबूत आहे. धुऊन पुन्हा वापरता येईल का? साबण चालेल?

सुतारपक्षी

साबण नको, लाकूड तो पितं आणि पुढच्या माशाला परत देतं. गरम पाणी, खरखरीत ब्रश, कातडीचे अवशेष खरवडून काढा, उभी ठेवून पूर्ण वाळवा. निम्म्याहून जास्त जाडी काळी झाली नसेल तर आणखी एक-दोन वेळा चालेल. वापरायच्या आधी नाकाशी धरा. माशाचं तेल लाकडात मुरून खवट झालं असेल तर लगेच कळतं. मग तिचे तुकडे करा आणि पुढच्या वेळी कोळशांवर टाका, धुरासाठी.

उन्हाळी

वास घेतला. तुकडे करते.